चालकाचं वजन

१२ नोव्हेंबर

चि. दशांशास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आकडे पातळ होतात. चाळीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला ते सोसत नाही, म्हणून लिहितो.

रोपवाटिकेसाठी घेतलेला छोटा ट्रॅक्टर गुणी आहे. पुढे लोडर आहे, त्याने माती उचलतो. परवा ओल्या मातीने भरलेली बकेट छातीइतकी वर नेली, उतारावर वळण घेतलं आणि मागचं डावं चाक वीतभर हवेत गेलं. चालक सुखरूप आहे. चाकही परत जागेवर आलं. तुझी आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी अंगण मोजलं. खरंच वाकडं आहे, आठ अंश.

शेजारचा गवंडी म्हणतो, मागच्या टायरमध्ये पाणी भरा. पण घरची पोर कारखान्यात क्रेनच्या मागे किती वजन लावायचं ते ठरवते आणि आम्ही गवंड्याचं ऐकायचं, हे बरं दिसत नाही. तरी सविस्तर कळव. आईचे आशीर्वाद.

लोभ आहेच, मागची चाकंही जमिनीवर राहावीत.

तुझे बाबा

१७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वीतभर म्हणजे किती सेंटिमीटर, ते कळवलं नाहीत. मी वीस धरले.

पुढच्या चाकांचा आस हा टेकू समजा. बकेट त्याच्याही पुढे असते, म्हणून ती भरली की मागचा भाग हलका होतो. या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. ती हलकी झाली की ब्रेक दाबणं म्हणजे नुसता पायाचा व्यायाम. पाण्याने वजन वाढेल, पण पुढच्या आसावरचा ताण कमी होणार नाही. त्यासाठी वजन मागच्या आसाच्याही मागे हवं. एका पिंपात काँक्रीट ओता, आत लोखंडी दांडा बसवा आणि ते मागच्या जोडणीवर टांगा. वजन २६० किलो, पिंपाचा मध्य मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे. आकृती सोबत आहे.

चालकाचं वजन ८२ धरलं आहे. मागच्या खेपेला तुम्ही काट्यावरून घाईने उतरलात, पण मी आकडा पाहिला होता. बकेट भरलेली असेल तेव्हा गुडघ्याच्या वर नेऊ नये. पट्टा लावावा. पिंप तयार झालं की सगळं वजन करून पावत्या पाठवा.

इथे नवीन काही नाही. ऑफिसात मला सगळे गणितं विचारतात, चहाला कुणी विचारत नाही. कामाला वेळ मिळतो.

आईला नमस्कार.

आपली,
दशांश

३ डिसेंबर

चि. दशांशास,
अनेक आशीर्वाद.

पिंप झालं. गवंडी रुसला होता, पण कोरडं सिमेंट पाहून त्याला राहवलं नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर पिंप २६२ किलो भरलं. दोन किलो कशाचे ते विचारू नकोस, माझी एक चप्पल सापडत नाही.

वजनकाट्याच्या दोन पावत्या सोबत आहेत. लोडरसह रिकामा ट्रॅक्टर १०४०. पिंप लावून, चालक बसवून १३५०. बकेट भरून उतारावर चालवून पाहिला. चाक उचललं नाही, पण चालकाला मागची बाजू थोडी हलकी वाटते. शिवाय सीट पाच खाचा पुढे सरकवली आहे. बाकी सर्व ठीक. आईचे आशीर्वाद.

लोभ आणि काँक्रीट दोन्ही पक्के आहेत.

तुझे बाबा

८ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पावत्या जुळत नाहीत. १०४० अधिक २६२ अधिक ८२ म्हणजे १३८४. तुमची पावती १३५० सांगते. काटा पाच किलोंच्या पायरीने मोजतो हे धरूनही चौतीस किलो गेले कुठे?

मी क्रमाने संशय घेतला. आधी सिमेंटवर, पाणी सुकून हलकं झालं म्हणून. पण इतकं पाणी उडालं तर पिंपात जाळीदार पाव उरेल, काँक्रीट नाही. मग भंगारवाल्यावर, मग काटेवाल्यावर. काल तर डिझेलची टाकी गळते असं गृहीत धरून दोन पानं लिहिली आणि मग वाचलं की टाकीच तेवीस लिटरची आहे. ती पानं फाडली. तुम्ही उपास वगैरे करत नाही ना? कृपया वजन परत करून पाठवा.

आईला नमस्कार.

आपली,
दशांश

१३ डिसेंबर

चि. दशांशास,
अनेक आशीर्वाद.

परत केलं. १३५०. काटाही तोच, चालकही तोच. मी जेवतो व्यवस्थित. हा विषय आता पुरे करावा असं वाटतं. आईचे आशीर्वाद.

तुझे बाबा

१८ डिसेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर तुझं नाव पाहून दचकू नकोस. सगळे बरे आहेत.

१३५० वजा १०४० वजा २६२ म्हणजे ४८. हे मला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. मी मात्र ८२ आधीच मांडून बसले होते आणि मग सिमेंट, भंगारवाला, डिझेल अशी प्रदक्षिणा घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सीट पाच खाचा पुढे घेतली तर बाबांचे गुडघे हनुवटीला टेकतील, हेही मी वाचून पुढे गेले. बाबांनी प्रत्येक पत्रात ‘चालक’ लिहिलं. चालवण्याबद्दल एकदाही ‘मी’ लिहिलं नाही. खोटं त्यांना येत नाही, फक्त व्याकरण येतं.

ट्रॅक्टर तू चालवतेस.

ज्या हिशेबाखाली मी सही केली, त्यात तू नव्हतीस. मागची बाजू हलकी वाटते, ते खरं आहे. सीट जवळपास मागच्या आसावरच आहे, म्हणून मागच्या चाकांवरचे ३४ किलो कमी झाले. उतारावर ते तुला पुरले, हे नशीब; आणि माझा धंदा नशिबाची गरज न लागू देण्याचा आहे. पिंप आसाच्या मागे असल्यामुळे त्याचा एक किलो दीड किलोइतका दाबतो. म्हणून आणखी २३ किलो पिंपाला पक्के जोडायचे. ते होईपर्यंत भरलेली बकेट उतारावर न्यायची नाही. ही विनंती आहे, पण कडक आहे.

तुला स्वतंत्र पत्र सहा वर्षांत हे पहिलं. याला स्पष्टीकरण नाही. शोधलं.

आपली,
दशांश

२३ डिसेंबर

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद, बाबांचेही. ‘दशांश’ त्यांची, माझी तू ठमाच. ते शेडमध्ये आहेत आणि तू चिडली आहेस का ते मला विचारायला लावत आहेत.

चाक उचललं त्या दिवशी तेच चालवत होते. उतरले, दोन दिवस कोन मोजत बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की सीट आपल्या मापाची नाही. रोपं माती मागत होती, म्हणून मीच सीटवर जाऊन बसले. गवंड्याने दोन दिवस शिकवलं. तुला कळवू म्हटलं तर हे म्हणाले, पोर क्रेन उभ्या करते आणि बाप छोट्या ट्रॅक्टरला घाबरतो, हे कागदावर नको. मी म्हटलं, मग माझं वजन तरी कळवा. तर म्हणाले, बाईमाणसाचं वजन कसं विचारायचं! लग्नाला तेहतीस वर्षं झाली.

तुझा आकडा मात्र चुकला. माझं वजन पंचेचाळीस. वरचे तीन किलो म्हणजे मांडीवरची फाईल. आकडे हाताशी हवेत म्हणून यांनीच दिली होती, दोन्ही वेळा. तुझी सहा वर्षांची सगळी पत्रं तिच्यात आहेत. काटेवाला पावती फाडेपर्यंत मी चाळत बसले. आस, दांडे, बोल्ट, मला काही कळलं नाही. प्रत्येकाची शेवटची ओळ तेवढी वाचली, ती माझी म्हणून.

उतारावर जाणं थांबवलं आहे. कडक विनंती पोचली.

चहाला कुणी विचारत नाही, असं लिहिलं होतंस. तू कुणाला विचारून पाहिलं आहेस का?

तुझी,
आई

२८ डिसेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चालक ४५ किलो. म्हणजे २३ नव्हे, २५ किलो जोडायचे. जोडताना बोल्ट बाबांना आवळू दे, ते चांगले आवळतात. मी चिडलेली नाही, हेही सांग. पहिल्यांदा क्रेनवर चढले तेव्हा मीही कुणाला न सांगता खाली उतरले होते. हे कागदावर असलेलं चालेल.

काल शेजारच्या टेबलावरच्या वेल्डिंग तपासनिसाला चहाचं विचारलं. तो इतका दचकला की त्याने आधी मागे वळून पाहिलं. मग आला. मी सात मिनिटं काँक्रीटबद्दल बोलले. सुधारणेला वाव आहे.

फाईल ट्रॅक्टरवर नेऊ नये, सुटी वस्तू धोक्याची असते. आणि हे पत्र त्या फाईलीत लावू नकोस. ते पहिल्या ओळीपासून तुझं आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
ठमा