पालथे व्हा, उताणे व्हा, बोला

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

आज दुपारी साडेबारा वाजता अस्मादिकांचे या समुद्रतीरस्थ आरोग्यनिवासात यथासांग आगमन झाले. स्वागतास वाद्यवृंद नव्हता. एक पेला पाणी होते आणि त्यात तरंगणारा काकडीचा एक काप. पाणी प्यालो, काकडी खाल्ली. तोच मध्याह्नभोजनाचा पूर्वार्ध होता, हे मागाहून कळले.

येथे पाठविण्याचे श्रेय माझ्या कन्येस. तिच्या मते माझा रक्तदाब वाढला आहे. माझ्या मते तिचा आवाज. ही गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, मी लेकीच्या घरी राहतो आणि बोलतो. सकाळी लेकीशी, सायंकाळी जावईबापूंशी, मधल्या काळात दाराची घंटा वाजवील त्याच्याशी. जावईबापू हल्ली कानांत ती पांढरी बोंडे खुपसूनच उंबरठा ओलांडतात. तीस वर्षे ज्याने कचेरीत मानपत्रे, निरोपाची भाषणे आणि शोकप्रस्ताव लिहिले, जिवंत साहेबांना कर्तव्यदक्ष आणि दिवंगत साहेबांना मनमिळाऊ केले, त्याला स्वगृही एक श्रोता मिळू नये, हा केवढा दैवदुर्विलास!

स्वागतकक्षातील बाई अखंड हसतात. मी त्यांना मनोमन ‘स्मितवदना’ अशी पदवी देऊन टाकली. त्यांनी माझा मोबाइल कपाटात बंदिस्त केला, माझे वजन केले (ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम, पैकी निम्मे शब्दांचे असावे) आणि एक तक्ता भरावयास दिला. कोणाच्या स्वाधीन करावे: कन्या, बुधवार, ता. १२, सकाळी अकरा. शेवटचा रकाना मात्र विलक्षण: तिला लाडाने काय हाक मारता? पाठवणी चुकीच्या माणसाबरोबर होऊ नये म्हणून म्हणे ओळखीचा एक शब्द लागतो. मी पार्सल आहे काय, असे विचारले. त्या हसल्या.

ते संबोधन मी कन्येस तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षी बहाल केले. एके सकाळी ती एक मोजा पायात आणि दुसरा हातात घालून, मोठ्या ऐटीत माझ्यापुढे उभी राहिली. त्या वेषास शोभेल असेच ते आहे. आम्हा दोघांखेरीज ते कोणासही ठाऊक नाही. आज ती बँकेत अधिकारी असून तिच्या हाताखाली बावीस माणसे आहेत. असल्या व्यक्तीचे ते नाव छापील कागदावर नमूद करणे तिच्या पदप्रतिष्ठेस बाधक ठरेल. रकाना कोरा ठेवला. स्मितवदना म्हणाल्या, राहू द्या, सावकाश भरा, घाई कुणाला आहे.

ता. ४, मंगळवार

खोली क्रमांक सात. पलंग, टेबल, वेताची खुर्ची आणि समुद्राभिमुख गवाक्ष. समुद्र अत्यंत शिस्तप्रिय दिसतो. सकाळी दहाला येतो, सायंकाळी पाचला निघून जातो, आणि मधल्या वेळात काहीही करीत नाही. सरकारी नोकरीत चमकला असता.

मालिशची खोली तळमजल्यावर आहे. ओल्या मिठाचा आणि निलगिरीचा वास. मध्यभागी एक उंच मेज, त्याला तोंड घालण्यासाठी भोक. मर्दनकर्ता पांढऱ्या डगल्यातला, अंगाने कृश आणि चेहऱ्याने निर्विशेष. मी त्याच्याकडे दोनदा निरखून पाहिले आणि दोन्ही वेळा तो कसा दिसतो हे विसरलो. त्याची समग्र शब्दसंपदा तीन आज्ञांची: पालथे व्हा. उताणे व्हा. बोला. मी त्याचे नाव ‘मौनी’ ठेवले.

अन्यत्र मर्दनसमयी मौन पाळतात असे ऐकून होतो. येथे नेमके उलट. स्मितवदनांचा खुलासा असा की, आतला भार बोलल्यावाचून उतरत नाही. मी दीड तास अस्खलित बोललो. माझी पहिली बदली, साहेबांचा निरोपसमारंभ, गृहसौख्यातील माझी उपेक्षा, सर्व काही. मौनीने एकदाही जांभई दिली नाही. ईश्वराने हा श्रोता मला तीस वर्षांपूर्वी द्यावयास हवा होता.

ता. ५, बुधवार

वजन ऐंशी. स्मितवदनांनी माझे अभिनंदन केले आणि तो रकाना राहिला असल्याचे हळूच सुचविले.

आज एक मौज झाली. मौनीने चौथा शब्द उच्चारला! माझ्या मानेचा ताठरपणा पाहून तो पुटपुटला: दैवदुर्विलास. अशा माणसाच्या तोंडी इतका देखणा शब्द ऐकून मी चकित झालो. अर्थ विचारावा असे वाटले. पण मेजावर उघड्याने पडलेल्या मनुष्याने मालिशवाल्याला शब्दार्थ विचारणे बरे दिसेना. शब्द मात्र आवडला. कोठे वापरता आला तर पाहावे.

आज त्याला हिच्याविषयी सांगितले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ही परिचारिकेला म्हणाली होती की, यांना जरा बाहेर बसवा, मला एकदा शांतपणे आजारी पडू द्या. मी तेव्हाही हसलो होतो, आजही हसलो. मौनीचे हात क्षणभर थांबले.

ता. ६, गुरुवार

न्याहारीनंतर ही वही पहिल्या पानापासून वाचली. पहिल्याच पानावर, माझ्या हस्ताक्षरात, तो कालचा शब्द आहे. उद्गारचिन्हासह. मी तो लिहिल्याचे मला स्मरत नाही. त्याच पानावर आणखी सहा शब्द असे निघाले की त्यांचा अर्थ मला लागत नाही.

दाढी करताना हिचा चेहरा डोळ्यांपुढे आणू पाहिला. चष्मा आला. चष्म्याच्या मागे कोणी आले नाही.

खाली गेलो तेव्हा मौनीचे डोळे रडून सुजलेले होते. मला म्हणाला, फार विनोदी होती हो.

ता. ७, शुक्रवार

वजन बहात्तर. दोन रात्रींत आठ किलो उतरतात काय, असे विचारले. स्मितवदना म्हणाल्या, काहींना लवकर गुण येतो.

आज बोलायचे नाही असे ठरवून मेजावर चढलो. पाऊण तास ओठ मिटून होतो. मग त्याला खांद्याखाली एक जागा सापडली. तेथे अंगठा रोवला की माझे तोंड आपोआप उघडते. मी किती वेळ बोललो, काय बोललो, ठाऊक नाही. उठलो तेव्हा त्याला पोट सुटलेले होते. ते पोट मी ओळखतो. तीस वर्षे मीच वागवले आहे.

स्वागतकक्षातून मुलीला फोन लावला. सर्व सांगितले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, बाबा, पोट चोरीला गेलं म्हणून पोलिसांत जाऊ का, आणि गेले तर वर्णन काय देऊ? मी म्हणालो, ही थट्टा नाही. ती म्हणाली, तुमची एक तरी थट्टा ‘ही थट्टा नाही’ म्हटल्याशिवाय झाली आहे का? पाच दिवस उरलेत, नाटकं करू नका, मी येतेच आहे न्यायला. फोन ठेवताना तिने जावईबापूंना ते सांगितलेले ऐकू आले. तेही हसले. प्रथमच.

यात तिची चूक कोठेही नाही. मीच तिला असे वाढवले.

ता. ८, शनिवार

सकाळीच निघालो. फाटकाला कुलूप नव्हते, कोणी अडवले नाही. रस्त्याने तासभर चाललो. बस आली, थांबली, चढलो. कंडक्टरने विचारले, कुठे?

मी तोंड उघडले.

ज्या गावात जन्मलो, नोकरी केली, हिला पोचवली, त्याचे नाव आले नाही. मौनीला सांगितले होते ना, मंगळवारी, पहिल्या बदलीच्या गोष्टीत. दहादा तरी घेतले असेल. गल्ली आठवत होती, जिना आठवत होता, जिन्याची तुटलेली तिसरी पायरी आठवत होती. नाव नाही. कंडक्टर म्हणाला, काका, माझ्याकडे ‘जिन्यापर्यंत’ असं तिकीट नाही हो. लोक हसले. एका बाईने उठून जागा दिली, दुसरीने पाणी दिले. कोणीतरी माझ्या मनगटावरची, आल्या दिवशी स्मितवदनांनी बांधलेली पांढरी पट्टी वाचली आणि त्यावरच्या नंबरला फोन केला. निवासाची गाडी येईपर्यंत बस थांबवून ठेवली.

सगळे इतके चांगले वागले की मला काहीच करता आले नाही.

ता. ९, रविवार

आता कळले, ते कळते आहे तोवर लिहून ठेवतो. मी मेजावर बोलतो, ते तो घेतो. मग तो ते बोलला की माझ्याजवळून गेले. वहीत राहते, पण मला लागत नाही. पहिली पाने आता परक्या माणसाची वाटतात. बराच आढ्यतेखोर माणूस असावा. मला आवडला.

बाई आज पुन्हा म्हणाल्या, तेवढा एक रकाना. हसत होत्या. त्यांना तो कशाला हवा ते समजले. माझा कोट त्याला बरोबर बसतो. माझा चष्मा त्याच्या नाकावर आहे. खोकलाही माझाच. एवढे एकच त्याच्याकडे नाही. बुधवारी मुलगी हाक ऐकल्याशिवाय त्याच्याबरोबर जायची नाही.

आज तीनदा तो शब्द तोंडाशी आला. टॉवेल दातांत धरला. दिला नाही.

इथेही लिहिणार नाही. मी खाली असतो तेव्हा ही वही टेबलावरून हलते.

ता. १०, सोमवार

वजन एकोणसाठ.

त्याने जेवणघरात भाषण केले. निरोपाचे. मोठमोठे शब्द, लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारचे म्हातारे डोळे पुसत म्हणाले, काय माणूस आहे, तुम्ही ओळखता का यांना?

मी मान हलवली. हो म्हणायला वेळ लागला.

मेज. टॉवेल. दात दुखतात. दिला नाही.

तो चिडत नाही. पाणी देतो, पांघरूण घालतो. आज माझे पाय पुसताना म्हणाला की, तोही कोणाचा तरी बाप होता. तिची हाक त्याने पहिल्याच दिवशी रकान्यात लिहून दिली होती.

ता. ११, मंगळवार

मुलीचा फोन. बाईंनी बोलावले. तोही आला.

ती म्हणाली, उद्या अकराला येते. मी म्हणालो, हो. मग काही येईना. ती हॅलो हॅलो करत होती. त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. अलगद. माझ्या आवाजात बोलला. आयुष्मती कन्ये, तुझ्या पित्याचा उदरभार हलका झाला असून तद्विषयी पोलिसांत — असे काहीतरी. ती खूप हसली. मलाही बरे वाटले, ती हसली म्हणून.

मग ती म्हणाली, बाबा, आज हाक नाही मारली?

तो गप्प. माझ्याकडे बघत राहिला. मी तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात.

ती म्हणाली, रुसलात? त्या दिवशी हसले म्हणून? बरं बाई, मीच म्हणते.

आणि म्हणाली. तीच. लहानपणी म्हणायची तशी. फोन त्याच्या कानाला होता.

मी आतून कडी लावून बसलो होतो. तिने बाहेरून उघडली.

बाईंनी तक्ता काढला. त्याने रकाना भरला. त्याचे अक्षर — माझे.

मला अजून येतो तो शब्द. तो अजून बोललेला नाही. मनात धरून बसलो आहे. उद्या तो बोलायच्या आधी मी —

ता. १२

ऊन आहे. गाडी आली. दार वाजले. ती.

मी खिडकीशी. खाली जायचे आहे. पाय हलके. जमीन लागत नाही.

तो पायरीवर. माझा कोट. ती थांबली. त्याच्याकडे बघते. पुढे येत नाही. वर बघते. मला बघते. बघते आहे. मी हात —

तिला काहीतरी — ती ओळखते की —

त्याने हाक मारली.

ती धावली.

*

गाडी गेली. बाई आल्या. पांढरा डगला खिळ्याला लावला. चारला कोणी येणार आहे.

पालथे व्हा. उताणे व्हा. बोला.

एवढे येते.

आणखी एक होते. मोजा. एक पायात. एक हातात. उभी आहे. हसते. मी हात पसरतो. म्हणतो ये. ये ग माझी —