एका अक्षराची पानं

३ मार्च
आज ह्यांनी परत कीबोर्ड भिंतीवर आपटला. ह्यांना रेडिओचं पान उघडायचं होतं. उजवा हात लुळा. डाव्या हाताने एक अक्षर सापडेपर्यंत पुढचं विसरतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणंही गेलं, "हं" आणि "नको" एवढंच उरलंय. जन्मभर पूल बांधले ह्या माणसाने!

४ मार्च
मी वाचनालयात काउंटरवर होते तेव्हाची युक्ती आठवली. पानाचा बुकमार्क करायचा आणि त्याला एक अक्षर नेमून द्यायचं. मग वर पत्त्याच्या पट्टीत ते अक्षर टाइप करून एंटर — पान हजर. र म्हणजे रेडिओ, ब म्हणजे बातम्या, प म्हणजे पूल.
ह्यांनी प दाबला. स्वतः बांधलेला पूल पडद्यावर आला. बघत राहिले, मग रडले. उगाच केलं मी.

९ मार्च
र आणि ब विसरले. शिकवलं. पुन्हा विसरले. मी ओरडले. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

१४ मार्च
नणंद आली होती. "वहिनी, आरशात बघितलंस का स्वतःला? तू आडवी झालीस तर दादाचं कोण करणार?" माझ्याच कॉम्प्युटरवर, अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या एका शुश्रूषा केंद्राचं पान उघडून दाखवलं. हे शेजारीच बसलेले! मी पान बंद केलं. तिला चहाही विचारला नाही.

१५ मार्च
ह्यांना उठवताना दोघंही पडलो. माझी कंबर धरली. कितीतरी वेळ तसेच जमिनीवर. शेजाऱ्यांना हाक मारायची लाज वाटली. छताकडे बघताना मनात आलं — दोघांचं एकदमच आटपावं.
काय लिहितेय मी हे.

१९ मार्च
अक्षर कसं नेमायचं ते ह्यांना स्वतः शिकायचंय. माझा हात धरून पडद्यावर नेतात. पुन्हा पुन्हा दाखवलं. "हं." मला तर आशेचाही कंटाळा आलाय.

२३ मार्च
शेजारी बस, अशी ह्यांनी खूण केली. डाव्या हाताच्या बोटाने एकच अक्षर दाबलं — श. एंटर.
शुश्रूषा केंद्र. नणंदेने दाखवलेलं तेच. कुठून शोधून काढलं, देव जाणे. फोन नंबरवर बोट ठेवलं, मग माझ्या कंबरेवर.
"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि पान बंद केलं.
ह्यांनी परत श दाबला.

२ एप्रिल
केंद्राच्या दारात परिचारिकेने ह्यांची खुर्ची आत वळवली. ह्यांनी मान मागे वळवली, ओठ हलवले आणि स्पष्ट म्हणाले, "येतो."