तुझ्या फोटोला हार घातला त्याबद्दल

सुकापूर, शुक्रवार

तीर्थस्वरूप गोदूबाय हिस,

धाकट्या भावाचा, म्हणजे कमलाकरचा, वाकून नमस्कार. (पायाच पडलो असतो, पण तू पाय मागे घेशील अशी बातमी तुमच्या आपट्याहून आली आहे.) आम्ही इकडे बरे आहोत. तुझी खुशाली कोणत्या तोंडाने विचारू? गेल्या गुरुवारी साडेआठला मालिकेत तू वारलीस आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर मी हसलो, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद विनिताच्या लग्नपत्रिकेत घालून पाठवतो आहे. पत्रिका फाडायची असेल तर निदान हा कागद काढून मग फाड.

झालं ते असं. आपला बंगला शूटिंगला दिलाय हे तुला माहीत आहे. त्यांचा दिग्दर्शक अवधूत, वयाने विनिताएवढा, घरातही गॉगल लावून फिरतो. त्याने मला पहिल्याच दिवशी शिकवलं, की माणूस कसा आहे ते त्याने तोंड उघडायच्या आत कॅमेऱ्याने सांगायचं. म्हणजे सासू दुष्ट असली की कॅमेरा जमिनीवर ठेवायचा, तिच्या नाकपुड्या दिसल्या की बघणारा घाबरतो. सून गरीब असली की कॅमेरा वर चढवायचा (आपल्या जिन्यावर चढवला, कठड्याचा रंग गेला). मनात पाप असेल तर अर्धं तोंड अंधारात. आणि कुणी नुसतं "चहा घेणार?" विचारलं तरी घरातल्या सातही जणांची तोंडं एकेक करून, ढोल वाजवत, तीन-तीनदा दाखवायची. नाकपुड्यांचं ऐकल्यापासून तुझी भावजय रंभा माझ्याशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच बोलते. मी खालून हो म्हणतो.

तर गोष्टीत नायकाची आत्या वारली होती. तिला आधी कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे फोटो कुणाचाही चालणार होता, आणि ठरलेला फोटो त्यांचा माणूस घरी विसरून आला. अवधूतने हॉलमधला तुझा फोटो बघितला, पहिल्यांदाच गॉगल काढला आणि म्हणाला, "काका, काय सोसलेला चेहरा आहे हा! ओठ बघा कसे मिटलेत. गालात हुंदका दाबलाय." मी हुरळलो. वाटलं, बहीण टीव्हीवर येईल. फोटोबरोबर हारही येणार, हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत हार चढलासुद्धा.

मग गर्दी दिसावी म्हणून मलाही खुर्चीत बसवलं. साखरपुड्याच्या प्रसंगासाठी हसरा चेहरा हवाय, आवडीचं काहीतरी बघा आणि हसा, असं अवधूतने सांगितलं. बाजूच्या टेबलावर जेवणातले तळलेले बोंबील होते. मी बोंबलांकडे बघून हसलो. माझा तो चेहरा त्या शहाण्याने साखरपुड्याला न लावता तुझ्या फोटोला जोडला. निळा उजेड, मागे ढोल. आधी तू, मग मी. पुन्हा तू, पुन्हा मी, आणि दर खेपेला माझे दात मोठे. बघणाऱ्याला वाटलं, यानेच बहिणीला संपवली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला विचारलं, "शेट, बहिनीची जमीन किती गुंठं व्हती?" तुझ्याकडेही म्हणे बायका डोळ्यांना पदर लावून आल्या, दार तूच उघडलंस आणि एकीला घेरी आली.

पण बाय, राग माझ्यावर काढ, पोरीवर नको. बारशाला तिच्या कानात नाव सांगणारी आत्या तू. सगळ्या पंचक्रोशीतल्या लग्नांत धवले गाणारी तू, आणि घरच्या हळदीला येणार नाहीस? विनिता सांगून बसली आहे, "आत्या नाय आली तर मी पाटावर बसणार नाय." ती तुझ्यावर गेली आहे, म्हणजे खरंच बसणार नाही. मांडव, बेंजो, जेवण, सगळं ठरलं आहे. पण तुझा आवाज नसेल तर मला घरात लग्न आहे असं वाटणारच नाही. हे मी ढोल न वाजवता सांगतो आहे.

तुझाच,
कमलाकर

ता. क. बोंबलांचं खोटं आहे. त्या दिवशी जेवणात भेंडी होती, आणि भेंडीकडे बघून मी आयुष्यात हसलेलो नाही. मी तुझ्या फोटोकडेच बघत होतो. विनिताच्या बारशाचा फोटो तो. गालात हुंदका कसला, नैवेद्याच्या ताटातला लाडू आहे, आणि रंभा येते का ते बघायला तू मला दारावर उभं केलं होतंस. हे मी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. अवधूतलाही नाही.

आणखी एक. तुझा चेहरा लोकांना फार आवडला म्हणून त्या आत्याचा आत्मा आता परत येणार आहे. हळदीच्या आदल्या दिवशी अवधूतला तू स्वतः हवी आहेस, आणि गाल अगदी तसाच हवा आहे. मी तुला न विचारता हो म्हणून बसलो आहे. आत्म्याचं नंतर बघू, आधी तू ये. लाडू केलेत. दारावर मी उभा राहतो.