दुसरी किल्ली

गुरुवार, २ सप्टेंबर २०२१

आज आलेलं —
पेन ड्राइव्ह, ३८० रु. (सिटी सेंटरचा दुकानदार ४५० वर अडून होता. मी पिशवी उचलली तेव्हा उतरला.)
मोठ्यांचे लंगोट, एक पाकीट, ४१० रु.
बदाम तेल, लहान बाटली, १६५ रु.
नवीन बँकेचं पासबुक, चेकबुक. फुकट. पण जुनी सगळी रद्द!

पासबुक ह्यांच्या हातात दिलं. उभा जन्म ज्या बँकेत गेला ती दुसरीत विलीन झाली, वर जुनं नाव नाही की चिन्ह नाही. ह्यांनी डाव्या हाताने पासबुक पालथं घातलं आणि त्यावर तळवा ठेवून बसले.

ह्यांना समजत नाही म्हणतात, तर पालथं का घातलं?

पद्माला पुण्याला फोन केला. म्हणाली, "आई, चुकून झालं असेल." असेल. पण मी बघितलं ना.

संध्याकाळी लॅपटॉपमधले फोटो न् कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवली. पद्माने फोनवर सांगितलं तसं. मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं जमतं.

शनिवार, ४ सप्टेंबर

लॅपटॉप परत रुसला. झाकण उघडलं की पडदा येतो, घड्याळ बरोबर, सगळं जागच्या जागी — फक्त नेट नाही! काल शामला मॅडमचा धडा ह्याच्यापायी बुडाला. त्या इंदूरहून मंगळवारी-शुक्रवारी पडद्यावर येऊन ह्यांच्याकडून ओठांचे व्यायाम करून घेतात. जूनमध्ये झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून हाच एक आधार.

मंदाताई समोरच्या. त्यांचं एकच — "अहो बंद करा अन् चालू करा! आमचा टीव्ही मी तसाच सुधारते."

बंद करता येत नाही हो. कसं सांगू?

ह्यांनी त्यात लिनक्स घातलंय. फुकट मिळतं म्हणून. (मी काटकसरी म्हणून हसतात मला!) आणि बँकेतला माणूस, तिजोरीला दोन किल्ल्या. पडद्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मला दिली होती. दुसरी लांबलचक, मशीन बंद करून चालू केलं की ते मागतं, ती फक्त ह्यांच्या डोक्यात. "दुसरी किल्ली कागदावर लिहायची नसते," म्हणायचे. रोज रात्री बंद करायचे, रोज सकाळी माझी पूजा चाललेली असताना एका बोटाने खटखट करून उघडायचे. तेही डाव्या बोटाने. शाळेत डाव्या हातावर छड्या खाल्ल्या म्हणून लिहायला उजवा. कीबोर्डला म्हणे मास्तर नव्हता. पद्माला पत्रंही त्यावरच, प्रत्येकाच्या शेवटी तेच — उलट टपाली कळव.

झटका आला त्या सकाळी मशीन उघडं होतं. म्हणून अजून उघडं आहे. मी नुसतं झाकण लावते, ते झोपतं. एकदा का विझलं, की संपलं.

सोमवार, ६ सप्टेंबर

जमलं!!

पद्माने कुठे कुठे वाचून उपाय शोधला. झाकण लावलं की नेटचं कार्डही झोपतं. लॅपटॉप उठतो, कार्ड उठत नाही. त्याला काढायचं, परत घालायचं. स्क्रू उघडून नाही, काळ्या चौकटीत हुकूम लिहून.

"आई, आधी सुडो लिही."
"म्हणजे काय?"
"म्हणजे मालकाच्या हक्काने सांगतेय."
"मालक तर हे आहेत!"
"आई, लिही ना ग."

मग मॉडप्रोब, जागा, आडवी रेघ, लहान आर, जागा, कार्डाचं नाव. नंतर तेच परत, रेघ न् आर सोडून. मधली जागा विसरले तर ओळखच दाखवेना. सोवळ्यापेक्षा कडक आहे! तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातली नेटची खूण पंख्यासारखी उघडली — नेट आलं.

ह्यांना म्हटलं, अहो, बघा! ह्यांनी खिडकीकडे बघितलं.

रविवार, १२ सप्टेंबर

गणपती दीड दिवसाचाच. कालच बादलीत विसर्जन. मोदक पाच केले, ह्यांना एक कुस्करून दिला. कार्ड रोज सकाळी झोपलेलं असतं, रोज हुकूम लिहून उठवते. आता बघायला लागत नाही, हात आपोआप जातो.

मंगळवार, २१ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. सकाळी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं — "माताजी, बोलना छोड़िए, समझ भी अब शायद ही लौटे।" ह्यांच्यासमोर! मी म्हटलं, ते ऐकतायत. डॉक्टर हसले. वाईट नाही, दयेने हसले. ते जास्त लागलं.

पद्माचा फोन. दिवाळीनंतर दोघांना पुण्याला नेणार. हा हरिशंकरपुरमचा आमचा फ्लॅट विकायचा. घराचीही विलीनीकरणं होतात म्हणायची! तिचं चूक नाही. एकटी लेक, किती धावणार?

मग हळूच — "आणि आई, तो लॅपटॉप फॉर्मॅट करून घे. फोटो काढून घेतलेस ना? रोजची कटकट कशाला? नवा होईल. तशीही ती किल्ली बाबांना आता..."

 

फोटोंचा प्रश्नच नाही. फॉर्मॅट करायचं म्हणजे ह्यांना आता आठवणार नाही असं मी माझ्या हाताने लिहून द्यायचं. नाही देणार.

मंगळवार, २८ सप्टेंबर

आज हुकूम चालला नाही. असं कार्डच नाही म्हणतो! पद्माने यादी काढायला लावली, मशीनच्या पोटात काय काय आहे त्याची. सगळं आहे, कार्ड नाही. जसं कधी नव्हतंच.

"आई, ते पुरतं गळून पडलंय. वीज तोडल्याशिवाय परत दिसायचं नाही. आता बंद करावंच लागेल."

धडा बुडाला.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

मंदाताईंनी आपला फोन आणून धरला. माझा बटणांचा, ह्यांचा झटक्याच्या सकाळीच पडून फुटला. एवढ्याशा पडद्यावर शामला मॅडम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या! ह्यांनी मान फिरवली ती फिरवलीच. मॅडम म्हणाल्या, "ताई, मोठ्या पडद्यावर ते माझ्या ओठांकडे बघायला लागले होते. आता खंड पडू देऊ नका. पहिल्या काही महिन्यांत येतं तेच येतं."

म्हणजे माझ्या हट्टापायी ह्यांचंच नुकसान? दत्तमहाराज, काय करू?

गुरुवार, ७ ऑक्टोबर

घटस्थापना. नंदादीप लावला. रात्री लाइट गेली तर आधी वात बघते, मग लॅपटॉप. त्याची बॅटरी म्हातारी. झोपलेला असला तर तग धरतो.

मंदाताई कुंकवाला आल्या. "दोन नंदादीप झाले की तुमचे! एक देवीचा, एक माधवरावांचा." मग जवळ येऊन — "वहिनी, डिब्बा आहे हो तो. त्यात माणूस नाही."

मी ओटी भरली.

पद्माने एक छोटं यंत्र मागवायला सांगितलं, बाजूला खोचलं की नेट येतं म्हणे. दुकानदाराने आणून दिलं, ६५० रु. लिनक्स त्याला ओळखेना. परत केलं. पैसे सगळे दिले नाहीत मेल्याने, पन्नास कापले.

बुधवार, १३ ऑक्टोबर

अष्टमी. आज विझवला.

कोणी भाग पाडलं नाही. शामला मॅडमचा फोन आला होता — ह्यांचं नाव पुढच्या महिन्यापासून ठेवू की काढू? ठेवा म्हटलं. मग ह्यांच्या समोर स्टूलावर लॅपटॉप ठेवला. म्हटलं, अहो, मशीन तुमचं आहे. मी सांभाळलं तेवढं सांभाळलं. आता बंद करते. उघडायचं तर तुम्हीच उघडा.

देवीचं नाव घेऊन बटण दाबलं. पडदा काळा. परत चालू केलं. एक चौकट आली, दुसरी किल्ली मागत. आत एक रेघ लुकलुकत होती.

ह्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी ह्यांचा डावा हात उचलून चौकटीपाशी नेला, तो खाली घसरला. पाणी पाजलं. संध्याकाळभर तसाच ठेवला, ह्यांना झोप लागली.

पद्माला सांगितलं. म्हणाली, "बरं केलंस आई." रडत होती बहुतेक. मला रडू आलं नाही. कुळाचार बाकी होता.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

सिटी सेंटरचा माणूस शनिवारी लॅपटॉप न्यायला येईल. फॉर्मॅटचे ५०० म्हणाला. घासाघीस केली नाही.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

दसरा. झेंडूची माळ दाराला. पाटीवर सरस्वती काढली. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, ह्यांचं पेन — सगळ्यांना गंध-फूल. लॅपटॉप दर वर्षी हे स्वतः पूजेला काढायचे, चालू करून. बंद अवजाराची पूजा करू नये म्हणायचे. म्हणून चालू केला. चौरंगावर जागा नव्हती, ह्यांच्या खुर्चीजवळ स्टूलावर ठेवला, वर एक झेंडू. नेणारच आहेत उद्या, तर पूजा घेऊन जाऊ दे.

निरांजन लावलं, घंटा वाजवायला घेतली.

मागे खट.

घंटा थांबवली तर तेही थांबलं. देवीकडेच तोंड ठेवून परत वाजवली. खट. खट-खट. खट. ओळखीचं! एकदा चुकलं असावं, थांबलं, पहिल्यापासून सुरू झालं. मी घंटा सोडली नाही. आरती अडली, घंटा वाजतेच आहे!

वळले तेव्हा चौकट गेलेली. कोपऱ्यात पंखा उघडलेला — नेट! झेंडू खाली पडलेला. आणि डावं बोट अजून चाललेलं. पद्माला पत्र लिहायला घेतलं होतं ह्यांनी. मला दिसावं म्हणून मनगटाने पडदा माझ्याकडे ढकलला. एकच ओळ —

उलट टपाली कळव.