आखूड काडतुसांचा डबा

मंगळवार, १९ मार्च २०१९. चिखले.

सकाळी नऊच्या रिक्षाने जाऊन तुमची रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, तुमच्या वेळीही लागायची. अकराच्या सुमारास पावती मिळाली. येताना पाड्यावर थांबले. घरी पोचायला दीड वाजला. जेवले नाही.

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, एका घरात राहून कोण लिहितं. पण एक गोष्ट तुम्हाला तोंडावर विचारायची राहून गेली, आणि आज ती विचारायची गरजच उरली नाही. म्हणून लिहिते आहे.

ठाण्यातल्या हवालदाराने काडतुसांचा डबा टेबलावर उपडा केला. "ताई, एवढीशी? यांनी काय माश्या मारता?"

"वटवाघळं. पूर्वी मारायचो. आता झाईच्या कोळ्यांकडून जुनी जाळी आणून चिकूंवर टाकते."

"मग बंदूक कशाला सांभाळलीय?"

मी परवाना पुढे केला. डब्याच्या तळाशी तुम्ही कापून बसवलेला जाड कागद होता, तो त्याने नखाने उचलला. खाली एक रिकामं काडतूस निघालं. त्याची पितळी नळी बाकीच्यांपेक्षा चांगलीच लांब होती. "हे लाँगचं आहे. तुम्ही तर सगळी शॉर्ट सांगितली." मी म्हटलं, वडिलांचं असेल. बाकीची काडतुसं ठेवून घेऊन त्याने ते आणि रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. "फुटलेलंच आहे, घेऊन जा. आठवण."

मी ते मुठीत धरून बाहेर आले आणि मनात म्हटलं, सापडला पुरावा.

मी सातवीत असेपर्यंत तुम्ही लांबच वापरत होतात. रोज दुपारी जेवून झोपायचात, चहा घेऊन वाडीत फिरायचात आणि दिवस बुडताना पश्चिमेच्या झाडांखाली जाऊन उभे राहायचात, वटवाघळं यायची तेव्हा. त्याशिवाय तुम्ही कधी बार टाकला नाहीत. मग एका आठवड्यात सगळं बदललं. उरलेली लांब काडतुसं मुंबईच्या दुकानात परत गेली. शाळा बुडवून तुम्ही मला बरोबर का नेलंत ते कळलं नाही. दुकानदार तुम्हाला समजावत होता, "शेठ, आखूड घेऊन काय करणार? लांब घ्या, शंभर पावलांवरून पाडेल." तुम्ही म्हणालात, "मी झाडाखाली जाऊन मारीन. पण चुकली तर ती पाड्यापर्यंत जाता कामा नये." हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

त्याच आठवड्यात आपल्याकडे चिकू उतरवणाऱ्या काकांच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती. आपल्या मागच्या अंगणात ठेवलेली कौलं पाड्यावरच्या त्यांच्या घरावर चढली. आई म्हणाली, ते झाडावरून पडले. मी त्यांना खारीसारखं चढता-उतरताना रोज पाहत होते, माझा विश्वास बसला नाही. हातात पुन्हा चिकू उतरवायची काठी धरता आली नाही तेव्हा तुम्ही त्यांना उंबरगावला कंपनीत वॉचमन म्हणून लावून दिलंत. मी मनाशी सगळं जुळवलं. संध्याकाळची तुमची गोळी भरकटली, कौल फोडून त्यांच्या हातात शिरली, आणि तुम्ही चार कौलं आणि एक नोकरी देऊन त्यांचं तोंड बंद केलंत.

मग मी तुमच्यावर नजर ठेवायला लागले. काडतूस तळहातावर घेऊन तुम्ही त्याचं वजन जोखायचात, तेव्हा वाटायचं, आता हलकी गोळी घेऊन काय उपयोग. मी वीस वर्षांची झाल्यावर तुम्ही मला रायफल शिकवलीत. कुंपणाशी उभं करून म्हणालात, "लागेल कुठे ते नंतर. चुकली तर कुठे जाईल ते आधी बघ." मला वाटलं, स्वतःला जे जमलं नाही ते मला सांगताहेत. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी सगळं केलं, पण तुम्ही डोळे उघडले की मी खिडकीकडे बघायची. ते तुम्हाला दिसत असणार.

काका आठ वर्षांपूर्वी गेले. आज पाड्यावर पोचले तेव्हा मावशी, काकांच्या पत्नी, ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. मी मुठीतलं काडतूस त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, काकांना बाबांची गोळी लागली होती ना.

"आज आठवण झाली का गं बाय तुला?" त्या हसल्या. "बापूस तुझा त्याच संध्याकाळी आला. म्हणाला, माझी गोळी चुकली, मला पोलिसात द्यायचं तर द्या. ह्यांनी म्हटलं, शेठ, बसा, चहा घ्या."

"म्हणजे त्यांचीच."

"तो बोलला तसं आम्ही मानलं." त्यांनी एक बोंबील उचलून टोपलीत टाकला. "पण गोळी आली तेव्हा मी जेवायला वाढत होते. ऊन डोक्यावर होतं. तुझा बापूस त्या वेळी घोरत असायचा, साऱ्या पाड्याला ठाऊक."

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाल्या, "बोंबील नेतेस थोडे?" मी घेतले.

बाबा, त्या दुपारी पश्चिमेच्या झाडावर कावळा बसला होता, खालच्या फांदीवर. तुम्ही झोपला होतात, आई विहिरीवर होती. मी एकच गोळी झाडली. कावळा उडाला. गोळी समुद्राकडे गेली असं मी ठरवून टाकलं, समुद्र त्याच बाजूला आहे म्हणून. पाडाही त्याच बाजूला आहे. रिकामं काडतूस मी कंपासपेटीत लपवलं होतं. दोन दिवसांनी ते तिथे नव्हतं. दप्तर झाडताना पडलं असेल, असं म्हणून मी पुन्हा शोधलं नाही.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. मी तुमच्यावर संशय घेते हे कळूनही सांगितलं नाहीत. मी आपणहून सांगेन म्हणून थांबला होतात का? मावशींनाही आज मी सांगितलं नाही. बोंबील घेऊन निघून आले.

हे पत्र डब्यात, त्या कागदाखाली ठेवीन. काडतूसही तिथेच. आता ऊन उतरलंय. जाळीतून सुटलेले चिकू पश्चिमेच्या झाडाखाली पडलेत, अर्धे खाल्लेले. टोपली घेऊन वेचायला जाते.