सहाशे चाळीस किलोमीटर, न थांबता

२ मार्च, सकाळ
निर्णय झाला. मोटरहोमला, आमच्या चाकांवरच्या घराला, डिझेलची दुसरी टाकी बसवायची.
कारण : लेकीचा दातांचा दवाखाना वीस एप्रिलला सकाळी अकराला सुरू होतोय. कुलूप बाबांनीच उघडायचं, असं तिने फोनवर बजावलंय. अंतर सहाशे चाळीस किलोमीटर. मूळ टाकी साठ लिटरची, गाडी लिटरला आठ देते. सव्वीस वर्षांच्या गाडीला हे शोभून दिसतं. पण हिशेब चारशे ऐंशीवर संपतो.
ही म्हणाली, मग थांबा की एकदा.
फॅक्टरीत एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. माझ्या काळात साधा नट कधी संपला नाही. अशा माणसाने वाटेत डिझेलसाठी रांगेत उभं राहायचं? हिला स्टॉकमागचा विचार कळत नाही.

३ मार्च
हिने नकाशावर बोट फिरवून मोजलं. वाटेत अकरा पंप आहेत. मी विचारलं, अकराच्या अकरा बंद असले तर? तिने नकाशाची घडी घातली. मुद्दा पटला.

९ मार्च
टाकी मिळाली. जुन्या ट्रकची, शंभर लिटरची. भंगारवाल्याकडे भिंतीला टेकून उघड्यावर पडली होती. किती वर्षं, ते त्याला आठवेना. तोंडातून वेल बाहेर आला होता. म्हणजे आत पाणी साठून राहतं. म्हणजे टाकी गळत नाही. अशा गोष्टी पाहायला नजर लागते.

१४ मार्च
वेल्डरला दाखवली. त्याने बोटाने टकटक केली आणि म्हणाला, काका, आतून सडलीय, आधी धुऊन घ्या, मध्ये एक जास्तीचा फिल्टरही टाका. नाहीतर बसवून देतो, पण मग मला फोन करू नका.
सूचना नोंदवून घेतली. आज बाहेरून निळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग फार सुरेख बसलाय. आतलं काम पुढच्या आठवड्यात.

२२ मार्च
जागेचा प्रश्न. गाडीच्या पोटाखाली एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. डिझेलची टाकी आत पलंगाखाली ठेवू, असं मी सुचवलं. वेल्डरने काळा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.
पाण्याची टाकी काढली. हिला आज सांगायचं नाही.

२३ मार्च
हिला कळलं. गाडीत भांडी लावायला गेली होती, नळ सोडला. किचन कोरडं, बेसिन कोरडं, संडास कोरडा. मी शांतपणे समजावलं की पाणी नसलं तरी गाडी चालते, डिझेल नसलं तर चालत नाही. हिने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. मेव्हण्याकडे छोटी कार आहे. ती त्याच्याबरोबर जाणार म्हणते. रागाच्या भरातला निर्णय. बदलेल.

५ एप्रिल
टाकी बसली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरून आणल्या. डॅशबोर्डवर लाल बटण. दाबलं की मध्ये बसवलेला छोटा पंप मागच्या टाकीतलं डिझेल पुढच्या टाकीत ढकलतो. इतकं साधं, इतकं देखणं. संध्याकाळपर्यंत चौदा वेळा दाबून पाहिलं.

६ एप्रिल
चौदाव्या वेळी बंद करायचं राहिलं. पुढची टाकी भरली की पंप आपोआप थांबतो, असा माझा समज होता. डिझेल झाकणातून उतू जाऊन फाटकापर्यंत पोचलं. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनी भिंतीवरून विचारलं, गाडी गळतेय का हो? चाचणी चालू आहे, असं सांगितलं. चाचणी यशस्वी. पंपाचा जोर उत्तम.
सांडलं तेवढं पुन्हा भरून आणलं.

१२ एप्रिल
टाकी आतून धुवायची राहिलीच. आता ती भरलेली. पण विचार केला. मेकॅनिक लोक हात कशाने धुतात? डिझेलने. म्हणजे गेला आठवडाभर टाकी आतून धुतलीच जातेय. विषय निकाली.
जास्तीचा फिल्टर मग कशाला?

१८ एप्रिल
हिचा निर्णय बदलला नाही. ही सकाळी मेव्हण्याच्या कारने गेली. खिडकीतून म्हणाली, परवा अकराच्या आत पोचा, पोरगी वाट बघेल. मी म्हटलं, उद्या रात्री जेवायला तुमच्यासोबत असेन. मेव्हणा काच वर करत होता.

१९ एप्रिल, ५.४०
निघालो. एकूण एकशे साठ लिटर. गाडी मागून थोडी दबलीय, त्यामुळे पुढून उचललीय. नजर आभाळाकडे. छान वाटतं.

८.०५
तिसरा पंप मागे टाकला. तिथल्या माणसाने हात केला. मीही केला.

८.५०
थांबलो. इंधनासाठी नव्हे. वय साठ, सकाळी दोन कप चहा, आणि गाडीतला संडास कोरडा. हा थांबा मोजायचा नाही.

९.३०
पुन्हा. मोजायचा नाही.

९.४०
लाल बटण दाबलं. धावत्या गाडीत, न थांबता, टाकी भरतेय. काटा वर चढताना डोळे भरून आले. शेजारची सीट रिकामी असल्याची खंत वाटली.

१०.१५
गाडी तीनदा खोकली आणि गप्प झाली. दोनशे बारावा किलोमीटर. उतार होता म्हणून घरंगळत थेट एका पंपाच्या आवारात आली. इंजिन तापलं असेल. अर्धा तास विश्रांती देऊ.

११.३०
कमाल झाली. या पंपावर पाटी : डिझेल नाही. टँकर कालपासून आलेला नाही. मॅनेजर कपाळाला हात लावून बसलाय. त्याच्यासमोर एक कोंबड्यांचा टेम्पो आणि मुलींच्या व्हॉलीबॉल टीमची मिनीबस. दोघांच्याही टाक्या ठणठणीत कोरड्या. उद्या साडेनऊला मुलींची मॅच आहे.
मार्चमध्ये मी हिला काय म्हणालो होतो? बंद असले तर?
माझ्याकडे एकशे तीस लिटर आहे. खाली उतरलो.

१२.४५
मागच्या टाकीतून टेम्पोला तीस आणि मिनीबसला चाळीस लिटर दिलं. पाइप मी स्वतः धरला. एक पैसा घेतला नाही. टीमच्या कोचबाई म्हणाल्या, देवासारखे भेटलात. टेम्पोवाल्याने दोन्ही हातांनी हात दाबला. मॅनेजरने स्वतःची खुर्ची दिली, वर चहा. दोन्ही गाड्या हॉर्न वाजवत गेल्या. इतका आनंद रिटायरमेंटच्या समारंभातही झाला नव्हता.
हिला फोन करून सगळं सांगितलं. छान केलंत म्हणाली, पण तुमची गाडी सुरू झाली का? मूळ मुद्दा सोडून बोलायची सवय.

३.३०
इंजिन अजून विश्रांती घेतंय. मॅनेजरने मेकॅनिकला फोन केला. तो उद्या सकाळी येणार. म्हणजे आज रात्रीच्या जेवणाचा प्लॅन थोडा पुढे.

५.२०
टेम्पो परत आला. ट्रॅक्टरच्या मागे, दोरीने बांधून. पंधरा मिनिटांनी मिनीबस आली. मुली ढकलत होत्या.
कोणी आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. कोचबाईंनी घाम पुसत विचारलं, काका, टाकीत काय होतं? डिझेल, मी म्हटलं. टेम्पोवाला माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि कोंबड्यांकडे बघत राहिला. मॅनेजरने खुर्ची परत नेली.

२० एप्रिल, ११.००
रात्री मुलींना मोटरहोम झोपायला दिली. पाणी विचारलं तेव्हा पंपाचा नळ दाखवला.
मेकॅनिक दहाला आला. तिन्ही गाड्यांचे फिल्टर काढून कट्ट्यावर ओळीने मांडले. तिन्हींत तोच तपकिरी चिखल. टाकी धुतली होती का, त्याने विचारलं. मी म्हटलं, प्रक्रिया चालू होती. या मापाचे फिल्टर इथे मिळत नाहीत, शहरातून आणावे लागतील.
साडेनऊची मॅच हुकली. मुली आवारात आपसात खेळतायत.
आत्ता हिने व्हिडिओ कॉल लावला. पांढरं दार, वर लेकीच्या नावाची पाटी. कुलूप हिनेच उघडलं. लेक फोनजवळ येऊन काहीतरी म्हणाली, कोंबड्यांच्या कलकलाटात ऐकू आलं नाही. मी हात हलवला. तिनेही हलवला, मग फोन कोणीतरी खाली ठेवला. थोडा वेळ नुसतं छत दिसत होतं. नवीन छत. चांगलं रंगवलंय.

२१ एप्रिल, दुपार
लेक आली. दवाखान्याच्या दुसऱ्याच दिवशी दारावर 'आज बंद' लावून, पहाटे निघून. काल मेकॅनिककडून फोनवर मापं घेतली होती म्हणे. तिन्ही फिल्टर घेऊन आली.
ते मेकॅनिकच्या हातात दिले. आधी टेम्पोवाल्याकडे गेली, मग कोचबाईंकडे, मग एकेका मुलीकडे. बाबांच्या वतीने माफी मागते, असं प्रत्येकाला स्वतंत्रपणे म्हणाली. मी मागे उभा होतो. तिसऱ्या मुलीपासून मीही म्हणायला लागलो.
टेम्पो गेला. मिनीबस गेली. कोणी हॉर्न वाजवला नाही.
निळी टाकी मेकॅनिकने काढून घेतली. मोटरहोम त्याच्याकडेच राहील, कधीपर्यंत ते त्याने सांगितलं नाही. लेक म्हणाली, बाबा, बसा, आई वाट बघतेय.

संध्याकाळ
तिच्या कारमध्ये. वाटेत ती एका पंपावर थांबली. टाकी भरली, काच पुसून घेतली, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली, निघाली.
मी घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं.