बिनलग्नाच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड

५ नोव्हेंबर १९७२, रविवार

आजपासून नियमित रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात.

एक जानेवारीला मिशन कंपाउंडच्या मैदानावर दरवर्षीचा सामना: लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. मी बिनलग्नाच्या टीमचा कॅप्टन आणि सेंटर फॉरवर्ड. माझ्याबरोबर सुरुवात केलेले सगळे एकेक करून पलीकडे गेले, पोटं वाढवून बसले. सूर्यभान पाटोळे एकेकाळी माझा लेफ्ट आउट होता. आता नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवतो आणि त्यांचा फुलबॅक आहे. टँकर आणि तो, दोघांना वळायला सारखीच जागा लागते.

गेल्या वर्षी आम्ही हरलो. कारण मैदान. आधीच्या वर्षीही हरलो. कारण पंच.

माझं वय छत्तीस, पण पायांचं वय सव्वीस आहे.

निश्चय: (१) पहाटे पाचला धावणं. (२) रविवारी सकाळी चर्चऐवजी प्रॅक्टिस. देव समजून घेईल, आई घेणार नाही. (३) सामना होईपर्यंत घरात लग्न या विषयावर बोलणं बंद. कोणाच्याही लग्नावर. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, मंग बोलायचं तरी कशावर?

९ नोव्हेंबर, गुरुवार

हन्ना आली होती. मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, गुरुवारी तिची सुट्टी. तिथल्या जर्मन सिस्टर हेल्गा यांना घरून वर्तमानपत्रं येतात. त्यातली खेळाची पानं हन्ना माझ्यासाठी आणते आणि सिस्टरनी सांगितलेलं मला मराठीत सांगते. गेली चार वर्षं मी हॉर्स्ट ब्रेंटलची कारकीर्द अशी जवळून पाहतो आहे. बेकरीवाल्याचा मुलगा, जर्मनीतला व्यावसायिक सेंटर फॉरवर्ड, माझ्यासारखाच उजव्या पायाचा. आमची खेळण्याची पद्धत इतकी एक आहे की त्याने मला कधी पाहिलेलं नाही याचं आश्चर्य वाटतं. वर्गात भूगोल शिकवताना मी जर्मनीला दोन तास जास्त देतो.

आजची बातमी: ब्रेंटलला दोन सामने बेंचवर बसवलं. उघड आहे, मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवताहेत.

हन्नाने माझ्या जर्सीचा नऊ नंबर पुन्हा शिवून दिला. म्हणाली, मास्तर, हा नंबर अजून किती वर्षं शिवायचा? मी म्हणालो, दोरा चांगला वापर.

१४ नोव्हेंबर

पाचला उठलो. पावणेपाचला उठलो असतो तर धावणं झालं असतं, कारण पाचला नळाला पाणी येतं आणि आई मला रांगेत उभं करते. दुष्काळाचा सर्वांत मोठा फटका नगरच्या फुटबॉलला बसला आहे, पण हे कोणी लिहीत नाही.

दोन वेळा मिलोची भाकरी. या लाल ज्वारीवर ब्रेंटलसुद्धा हाफटाइमनंतर पळू शकला नसता. शाळेत मुलांसाठी सुकडी येते. ती चाखून बघणं शिक्षकाचं कर्तव्य आहे. मी ते तीनदा केलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

प्रॅक्टिस. टीममधली पोरं उशिरा आली आणि लवकर गेली. वेळेवर एकटा गिदोन, आमचा गोलकीपर. मूळचा बेलापूरचा, एसटीत कंडक्टर, अंगाने काठी. त्याला काही विचारलं तर आधी हसतो, मग उत्तर देतो. मी त्याला पेनल्टी मारल्या. नेहमीप्रमाणे उजव्या कोपऱ्यात. त्याने बऱ्याच अडवल्या, कारण त्याला सवय झाली आहे. अनोळखी कीपरला हे जमणार नाही.

जाताना विचारत होता, एलियादादा, तुमचा लग्नाचा विचार न्हाईच का? मी म्हणालो, नियम तुला माहीत आहे. पाळकसाहेबांनी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचली, कोणाची हरकत आहे का विचारलं आणि कोणी उठलं नाही, की माणूस आपल्या टीममधून गेला. माझी हरकत लग्न या प्रकारालाच आहे. तो म्हणाला, म्हंजे कोणाशीच न्हाई? मी म्हणालो, कोणाशीच नाही. तो हसला नाही. कंडक्टर लोकांना विनोद कळत नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रेंटलचा गुडघा दुखतो आहे. माझाही गेल्या आठवड्यापासून दुखतो. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

हन्नाने त्याच्या बायकोबद्दल सांगितलं. ती त्याच्यासाठी चार वर्षं थांबली होती म्हणे. तोंडाने काही बोलली नाही, नुसती थांबली. खेळाच्या पानावर असल्या गोष्टी छापतात आणि बायका त्या बरोबर शोधून काढतात. मी विचारलं, त्याच्या पासिंगबद्दल काही आहे का? ती म्हणाली, नाही, आज एवढंच आहे.

मग म्हणाली, मास्तर, मला एक स्थळ आलंय. घरचे उत्तर मागताहेत. मी काय सांगू?

आता असा प्रश्न सामन्याच्या तोंडावर विचारतात का? हन्ना चांगली मुलगी आहे. माझ्या मनात तिच्याबद्दल पक्कं आहे, ते तिला कळत असणारच, बोलून दाखवायला आम्ही काही लहान नाही. पण आत्ता बोललो तर जानेवारीत मला सूर्यभानच्या टीममधून खेळावं लागेल. मी म्हणालो, एक तारखेनंतर बघू. ब्रेंटल सीझन चालू असताना घरगुती निर्णय घेत नाही.

ती म्हणाली, त्याने घेतला होता. सीझनमध्येच.

मी म्हणालो, म्हणून गुडघा दुखतो.

ती चहा न घेता गेली. हॉस्पिटलच्या चहाची सवय.

३ डिसेंबर, रविवार

प्रॅक्टिस उत्तम. गिदोन आला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला गेला म्हणे. असल्या माणसाच्या हाती आमचा गोल आहे. रिकाम्या गोलमध्ये पेनल्टी मारल्या. जवळपास सगळ्या आत.

७ डिसेंबर, गुरुवार

हन्ना आली नाही. ड्यूटी बदलली असणार. हॉस्पिटलच्या आयाबरोबर पान पाठवलं होतं. मला जर्मन वाचता येत नाही, पण फोटो बोलका आहे. ब्रेंटल खुर्चीवर, पाय प्लास्टरमध्ये, शेजारी एक म्हातारी. चेहऱ्यावर विजय.

१० डिसेंबर, रविवार

गिदोन पुन्हा नाही. पोरांना विचारलं, तर एकमेकांकडे बघायला लागली. टीममध्ये शिस्त उरलेली नाही.

आई चर्चमधून घाईघाईने आली. चप्पल न काढताच म्हणाली, एलिया, आज चर्चमंदी त्या हन्नाचं... मी हात वर केला. नियम तीन. ती म्हणाली, आरं पर ऐक तरी. मी म्हणालो, एक तारखेपर्यंत नाही. ती म्हणाली, बरं, न्हाई बोलत. आईच्या माहेरच्या, खर्ड्याच्या माणसांचं एक आहे, शब्द पाळतात.

१७ डिसेंबर, रविवार

आई सकाळी पातळ बदलून दारात उभी. म्हणाली, आज तरी चल. आजचा शेवटचा रविवार हाय. मी म्हणालो, नाताळच्या आधी अजून एक रविवार आहे. पंचांग मला शिकवू नकोस. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. ती बराच वेळ नाड्यांकडे बघत राहिली.

परत आल्यावर जेवायला वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मिलोने पोट बिघडलं असावं.

२० डिसेंबर

रस्त्यात सूर्यभानने टँकर थांबवला. मला वाटलं, मैदानावर पाणी मारायचं कबूल करतोय. तर खाली उतरून माझा हात हातात घेतला. म्हणाला, मास्तर, मी तुमाला लई हलकं समजत हुतो. पर तुमी मोठ्या मनाचे निघाले. एक शब्द काढला न्हाई तुमी.

घाबरला आहे. हात थंड होता.

२४ डिसेंबर, रविवार

टीमची नावं चर्चच्या व्हरांड्यात चिकटवायला गेलो. गोलकीपर: गिदोन. तो तिथेच उभा होता. आधी हसला. मग म्हणाला, दादा, माझं नाव पलीकडं टाका.

मी विचारलं, का? म्हणाला, तीन रविवार वाचलं न्हाई का. अठ्ठावीसला लगीन हाय. मी विचारलं, कोणाशी? तो म्हणाला, असं काय करता, दादा. मग माझ्या तोंडाकडे बघून एक पाऊल मागे सरकला. मग म्हणाला, हन्नाशी. तुमी म्हनला हुता, कोणाशीच न्हाई. मी परत परत इचारलं हुतं.

एकदाच विचारलं होतं. १९ नोव्हेंबरला. लिहिलेलं आहे.

सामन्याला आठवडा असताना कीपर फोडणं. सूर्यभानचा डाव. त्याच्याकडून एवढ्या डोक्याची अपेक्षा नव्हती.

२५ डिसेंबर, नाताळ

पाळकसाहेबांना गाठलं. म्हणालो, हरकत अजून घेता येईल का, खेळाच्या दृष्टीने. ते म्हणाले, एलिया, वेळ होती तेव्हा मी विचारलं. तिन्ही वेळा थांबलो. तिसऱ्या रविवारी जरा जास्तच थांबलो. ती मुलगी दाराकडे बघत होती, म्हणून मीही बघत होतो.

दार कुरकुरतं, तेल घालायला हवं, असं मी त्यांना सुचवलं.

घरी आईला म्हणालो, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, एक तारीख झाली न्हाई अजून.

२८ डिसेंबर

लग्नाला गेलो. खिलाडूवृत्ती. गिदोनचा कोट खांद्यात सैल, बाह्यांत तोकडा. आखूड बाह्यांचा कीपर उंच चेंडू घेऊ शकत नाही. हळद अशी फासली होती की तळहात पिवळेधमक. हन्नाकडे नीट बघायला मिळालं नाही. समोरच बसलो होतो, पण मधल्या काळात बुटाची नाडी सुटली.

जेवण ठीक. गव्हाची पोळी होती.

१ जानेवारी १९७३

सामना.

मैदान दगडासारखं. उत्तरार्धात ते एका गोलने पुढे. आमच्या पोरांना मी सतत ओरडून सांगत होतो, चेंडू मला द्या. त्यांनी दिला नाही. एक म्हणाला, काका, तुमी तिथंच थांबा, लागला की देतो. काका.

शेवटी सूर्यभानने त्यांच्या पेनल्टी एरियात एका पोराला लोळवलं. पेनल्टी. पोरांनी चेंडू घेतला होता, पण कॅप्टन मी आहे. चेंडू ठेवला. समोर गिदोन, पिवळे हात पसरून. दोरीपलीकडे सगळी मंडळी. हन्ना नव्या साडीत, शेजारी सिस्टर हेल्गा.

त्याला माझा उजवा कोपरा माहीत आहे. म्हणून डाव्या कोपऱ्यात मारायचं पक्कं ठरवलं. धावत गेलो.

उजव्या कोपऱ्यात मारला.

तो आधीच तिथे जाऊन उभा होता. चेंडू ढकललासुद्धा नाही, दोन्ही हातांनी पकडला, पाहुण्याची पिशवी घ्यावी तसा. मी पाय धरून खाली बसलो होतो. तो चेंडू काखेत घेऊन आला आणि म्हणाला, दादा, लागलं का?

हन्नाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा पाठिंबा कोणाला होता, यावरून कळतं.

सामना संपल्यावर पोरांनी शिट्टी आणून माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षी पंच तुमी, काका.

२ जानेवारी

गुडघा सुजला. हॉस्पिटलमध्ये गेलो. सिस्टर हेल्गांनी पट्टी बांधली. बाई छान मराठी बोलतात, फक्त सगळ्यांना अरे-तुरे करतात. त्यांना म्हणालो, ब्रेंटलचाही असाच गुडघा गेला, पण तो परत येईल. त्या म्हणाल्या, कुठला येतो? त्याने उन्हाळ्यातच खेळ सोडला. तुला हन्नाने नाही सांगितलं?

मी म्हणालो, निदान त्याची बायको बरोबर आहे. चार वर्षं थांबलेली.

सिस्टर पट्टी बांधायच्या थांबल्या. म्हणाल्या, बायको? त्याने लग्नच केलं नाही. आईजवळ राहतो. ती फोटोतली म्हातारी, ती त्याची आई.

मी विचारलं, मग ती चार वर्षांची गोष्ट कुठे छापली होती?

त्या म्हणाल्या, कुठेच नाही. आणि गाठ मारली.

हन्नाचं जर्मन इतकं कच्चं असेल असं वाटलं नव्हतं. चार वर्षं बिचारी काहीतरीच सांगत होती.

उद्यापासून पाचला उठायचं नाही. आईने गुडघ्याला लावायला हळद गरम केली आहे. एवढी हळद कुठून आली, विचारलं. म्हणाली, लग्नातली उरली हुती, हन्नानं वाटीभर दिली.

लावतो आहे. चुरचुरते.